वॉरंटीतल्या टीव्हीला हात न लावणारे दारव्ह्याचे दुकान

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याच्या बाजारओळीत टीव्ही दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. पाटीवर ‘टीव्ही रिपेअरिंग’ एवढीच अक्षरे आहेत, त्याखाली मोबाईल नंबर आहे आणि आत उघडे बोर्ड व पडद्यामागून काढलेल्या दिव्यांच्या (बॅकलाईट) पट्ट्या यांच्यामध्ये एक माणूस बसेल इतकीच जागा आहे. या दुकानाकडे आम्ही दोन टीव्ही नेले. एकाचे काम त्यांनी केले, दुसऱ्याचे करण्यास नकार दिला, आणि माझ्या मते दुकानाची खरी पारख त्या नकारातच आहे.

नकार मिळालेला टीव्ही आमच्या घरचा, बत्तीस इंची, वॉरंटी संपायला थोडेच महिने उरलेला. उन्हाळा लागल्यापासून त्याचे चित्र निळसर दिसू लागले होते. पांढरा सदरा आकाशी दिसे, माणसांचे चेहरे आजारी वाटत. शेजारच्या एका हुशार मुलाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून तोडगाही सांगितला होता, की रिमोटवर अमुक आकडे दाबले की टीव्हीचा लपलेला सर्व्हिस मेनू उघडतो, त्यात व्हाईट बॅलन्समध्ये, म्हणजे पांढरा रंग जुळवण्याच्या सेटिंगमध्ये, निळ्या रंगाचा आकडा खाली आणला की काम झाले. असा मेनू खरोखरच असतो. कारखान्यात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये टीव्ही जुळवण्यासाठी तो ठेवलेला असतो. सॅमसंगच्या अनेक जुन्या टीव्हींत टीव्ही स्टँडबायवर असताना म्यूट, १, ८, २ आणि पॉवर अशी बटणे ओळीने दाबली की तो उघडे, तर सोनीच्या जुन्या संचांत डिस्प्ले, ५, आवाज वाढवण्याचे बटण आणि पॉवर हा क्रम चाले. त्यामुळे तो उघडणे ही काही मोठी विद्या राहिलेली नाही.

दुकानदारांनी टीव्ही लावून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. तारीख पाहून म्हणाले, “मंग मी याले हात नाही लावत भाऊ. निळा कमी करून देईन दोन मिनिटांत, पन पट्टी तं आतून मरूनच रायली.” पुढे त्यांनी जे समजावले ते कोणत्याही व्हिडिओत मी ऐकले नव्हते. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागील पट्ट्यांवरचे दिवे मुळात निळा प्रकाश देतात आणि त्यांच्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा होतो. उष्णतेने हा लेप खराब झाला, की निळा उघडा पडतो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, त्यात टिनाचे छप्पर, म्हणजे लेपाची परीक्षा वर्षभर नसली तरी चार महिने चांगलीच होते. आकडा खाली आणल्याने दिवे दुरुस्त होत नाहीत, फक्त दुखणे झाकले जाते. कंपनीचा माणूस आला तर त्याला चित्र ठीक दिसते, आणि पट्ट्या पूर्ण जातात तोवर वॉरंटी संपलेली असते. शिवाय अनधिकृत व्यक्तीने केलेली दुरुस्ती किंवा फेरफार ही वॉरंटी कार्डावरील अपवादांत बहुधा असतेच. मागचे झाकण न उघडल्यामुळे आपल्यावर काही येणार नाही, हा समज त्यांनी खोडून काढला, कारण बदललेले आकडे टीव्हीच्या मेमरीत तसेच राहतात.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक बिलावरच लिहून ठेवला. यवतमाळहून माणूस येण्यास कंपनीने बराच वेळ लावला, ‘व्होल्टेजमुळे झाले असेल’ हेही ऐकवून पाहिले, पण शेवटी पट्ट्या विनामूल्य बदलल्या गेल्या. तशी वेळ आली असती तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक होता, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तक्रार दाखल करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची असते.

दुसरा टीव्ही गावच्या अभ्यासिकेसाठी पाहिलेला, एका लॉजमधून विक्रीस निघालेला एलजीचा. त्याचा आवाज एका मर्यादेपुढे जात नव्हता. येथे वॉरंटीचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे दुकानदारांनी मोकळेपणाने काम केले. सेटिंगचे बटण दाबून धरले, कोपऱ्यात आकड्यांची चौकट आल्यावर ११०५ टाकून ओके केले, आणि आवाजावर मर्यादा घालणारा, हॉटेलांसाठीचा पब्लिक डिस्प्ले मोड बंद केला. मात्र त्याआधी त्यांनी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घेतला. मेनूत पॅनेलचा, म्हणजे पडद्याचा, प्रकार चुकीचा निवडला गेला तर चित्र उलटे होते किंवा पडदा पूर्ण काळा पडतो, आणि मग चूक सुधारण्यासाठी लागणारा मेनूही दिसत नाही, असे ते फोटो काढता काढता सांगत होते.

नंतर त्यांनी सर्व्हिस मेनूत जाऊन ‘यूटीटी’ या अक्षरांपुढचा आकडा दाखवला. टीव्ही एकूण किती तास चालला, ते तेथे नोंदलेले असते. आकडा अठरा हजारांच्या वर होता. विकणाऱ्याने टीव्ही ‘दोनच वर्षे वापरलेला’ म्हणून सांगितला होता. दोन वर्षे तो दिवसरात्र एकदाही बंद केला नसता तरी साडेसतरा हजार तासच भरतात. पैसे द्यायचे बाकी होते, म्हणून भाव बराच खाली आला. जुना टीव्ही घेणाऱ्याने, किंवा दुकानात मांडून ठेवलेला नमुन्याचा टीव्ही ‘नवा’ म्हणून मिळत असेल तर त्यानेही, ही नोंद अवश्य पाहून घ्यावी. नुसते पाहून बाहेर पडल्याने काही बिघडत नाही, बिघडते ते आकडे बदलल्याने.

उणिवाही सांगायला हव्यात. सांगितलेल्या दिवशी काम होईलच याची खात्री नाही, फोन क्वचितच उचलला जातो, आणि लग्नसराईत तर दुकान अर्धा दिवस बंदच असते. मजुरी वाजवी आहे, घरच्या टीव्हीच्या तपासणीचे तर त्यांनी काहीच घेतले नाही. पक्के बिल मात्र आपणहून मिळत नाही. अभ्यासिकेच्या हिशेबासाठी आम्हाला ते मागून घ्यावे लागले, आणि त्यासाठी पुन्हा एकदा दारव्ह्याला जावे लागले.