जुन्या डिस्कवरचा डेटा नव्या पीसीत न्यायचाय: क्लोन, क्लाउड की सरळ कॉपी?

बाबांचा जुना डेस्कटॉप बदलला तेव्हा हे सगळं मी स्वतः केलं. ३८० जीबी डेटा, त्यात निम्म्याहून जास्त फोटो, बाकी बाबांची सोसायटीची पत्रं, हिशोब, स्कॅन केलेला सातबारा वगैरे. दुकानदार म्हणाला क्लोन करून देतो, भाऊ म्हणाला क्लाउडवर टाक, आणि मी शेवटी तिसराच रस्ता धरला.

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग सगळ्यासकट. कॉम्प्युटर तोच आहे आणि फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकताय, तर डोळे झाकून क्लोनच करा, त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चालू केलं की सगळं जिथल्या तिथे असतं. पण मशीनच नवीन असेल तर त्यावर विंडोज आधीच असतं, त्यावर जुनं विंडोज आणून बसवायचं म्हणजे ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) भांडणं, आणि जुन्या पीसीसोबत आलेलं लायसन्स बहुतेक वेळा त्या मदरबोर्डलाच बांधलेलं असतं. शिवाय दहा वर्षांचा कचराही सोबत येतो. आणि एक भीती खरी आहे, सोर्स (जिथून न्यायचं) आणि टार्गेट (जिथे न्यायचं) उलटं निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते. संपलं. त्यामुळे क्लोन करण्याआधी डेटाची वेगळी कॉपी पाहिजेच.

क्लाउडचं गणित सोपं आहे. गुगलवर १५ जीबी फुकट, वनड्राइव्हवर ५, म्हणजे माझ्या डेटासाठी पैसे भरावेच लागले असते, आणि ४० एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी ३८० जीबी चढवायला २१ तास, मग परत उतरवायचंच. आधार, पॅन, पॉलिसी असली पाच-दहा जीबीची कागदपत्रं असतील तर मात्र क्लाउड छान, जास्तीची कॉपी म्हणून राहते.

मी केलं ते असं: जुनी डिस्क बाहेर काढली, साटा टू यूएसबी केबल (आतली डिस्क यूएसबीला जोडणारी) घेतली आणि डिस्क थेट नव्या पीसीला लावली. मधे पेन ड्राइव्ह नाही की एक्स्टर्नल डिस्क नाही, म्हणजे एकदाच कॉपी. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच पॉवरवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, केबल घेताना तो सोबत आहे ना बघा, नाहीतर डिस्क फिरणारच नाही. आणि निळ्या पोर्टला लावा, तो बहुतेक यूएसबी ३ चा असतो. यूएसबी २.० वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, म्हणजे नुसत्या हिशोबानेच तीन तास. ३ वर डिस्कने १०० एमबी दिला तर तासाभरात व्हायला हवं, पण हजारो छोट्या फाइल्स आल्या की स्पीड धाडकन पडतो, मला अडीच तास लागले.

कट-पेस्ट अजिबात करू नका, कॉपीच करा. मधेच लाइट गेली तर कटमधे अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं आणि काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. डेटा जास्त असेल तर विंडोजमधलंच रोबोकॉपी (कमांड टाइप करून चालवायचं कॉपीचं टूल) वापरा, अडकलं तर परत चालवलं की झालेल्या फाइल्स सोडून पुढचं घेतं. फक्त त्यातला मिरर वाला पर्याय नको, तो टार्गेटमधल्या जास्तीच्या फाइल्स उडवतो. झाल्यावर दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइल्सचा आकडा जुळवा.

डिस्क काढण्याआधी जुना पीसी चालू असतानाच दोन गोष्टी बघून घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, त्याशिवाय डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही. आणि वनड्राइव्हच्या फोल्डरमधे ज्या फाइलवर नुसतं ढगाचं चिन्ह आहे ती डिस्कवर नसतेच, आधी डाउनलोड करा.

आता मराठी घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं: फॉन्ट. बाबांची २००६ ची पत्रं नव्या पीसीवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, बाबांना वाटलं फाइल्स खराब झाल्या, चेहराच उतरला त्यांचा. फाइल्स ठणठणीत होत्या. श्रीलिपी, कृतिदेव असले जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाहीत, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी दिसतं. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधे असतात, नुसतं यूजर्स फोल्डर कॉपी केलं तर ते मागे राहतात. जुनी डिस्क लावलेलीच होती म्हणून तिथून आणले, राइट क्लिक करून इन्स्टॉल केले, आणि पत्र परत उघडलं तर पहिल्याच ओळीत ‘सप्रेम नमस्कार’.

म्हणूनच जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. आमची तारखेची पट्टी लावून कपाटात ठेवलीये, काही राहिलं असेल तर केबल लावून परत बघता येईल.