सर्व्हेअर उद्धट निघाला: बदलून मागायचा, की त्याच्या रिपोर्टशी भांडायचं?

पूर ओसरला की कोल्हापुरात शाहूपुरी, कुंभार गल्ली, सुतारमळा, दुधाळी या भागांत दोन वेगवेगळी माणसं कागद घेऊन फिरतात. एक पंचनाम्याला आलेले सरकारी कर्मचारी, दुसरा विमा कंपनीनं नुकसान मोजायला नेमलेला सर्व्हेअर. पहिल्याचा संबंध सरकारी मदतीशी, दुसऱ्याचा तुमच्या पॉलिसीशी. "पंचनामा झालाय की, आता परत कशाला?" असं म्हणून सर्व्हेअरला दारातनं परत पाठवू नका, क्लेम तिथंच अडकेल. पंचनाम्याची नक्कल मात्र क्लेमला जरूर जोडा. पाणी घरात शिरल्याचा तो त्रयस्थाचा पुरावा आहे.

सर्व्हेअर सगळेच वाईट नसतात. चिखलात बूट भरवून प्रत्येक खोली बघणारेही भेटतात. पण काही येतात तेच तोऱ्यात. उंबऱ्यातनंच चार फोटो काढायचे, "असला फ्रिज भंगारवाला तरी घेईल काय?" असं घरातल्या माणसांसमोर म्हणायचं, आणि वर कोल्हापुरातला ठरलेला टोमणा: "राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज मोबाईलवर येते, मग सामान हलवायला काय झालं होतं?"

हा टोमणा नुसता झोंबत नाही, तो उद्या रिपोर्टात उतरून पैसे कापू शकतो. नुकसान टाळण्यासाठी शक्य ती काळजी घेणं आपल्याकडूनही अपेक्षित असतं, आणि पंचगंगा एका रात्रीत अंगावर येत नाही हे खरंच आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पण 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पाणी 50 फुटांच्याही वर गेलं. तेव्हा काय वर नेलं आणि काय नेता येत नव्हतं, हे लेखी द्या. गाद्या, टीव्ही, कागदपत्रं माळ्यावर गेली. भिंतीत बसवलेलं कपाट, प्लायवूडच्या किचन ट्रॉल्या, दाराच्या चौकटी, वायरिंग कुठं नेणार?

दुसरा आवडता टोमणा म्हणजे "तुमचा विमाच कमी किमतीचा, त्या प्रमाणात रक्कम कापली जाणार." पॉलिसीवरचं नाव बघा. एप्रिल 2021 पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी असेल आणि घराचं क्षेत्रफळ वगैरे माहिती खरी दिली असेल, तर विमा कमी आहे म्हणून अशी प्रमाणात कपात करता येत नाही. विम्याच्या रकमेपर्यंत नुकसान मिळायला हवं.

आता मूळ प्रश्न. सर्व्हेअर बदलून मागता येतो का? कंपनीकडे लेखी मागणी करता येते, पण ती मान्य होईलच असं नाही. सर्व्हेअरचा परवाना विमा नियामक आयआरडीएआयचा असतो, आणि त्यांच्या 2015 च्या नियमांतल्या आचारसंहितेत कामात भेटणाऱ्या प्रत्येकाशी सौजन्यानं वागायचं असं स्पष्ट आहे. म्हणजे उद्धटपणाची तक्रार हा आपला फाजील हट्ट नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. तिथं दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा 155255 हा नंबर आहे.

बदलून मागण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनुसार नुकसान कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट आल्यावर 7 दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. नवा माणूस आला की ही गाडी पुन्हा पहिल्यापासून. तोवर घर धुतलेलं असतं, भिंतीवरची पाण्याची रेघ पुसलेली असते, फुगलेलं प्लाय फेकून दिलेलं असतं. पुराच्या क्लेममध्ये ही रेघ फार मोलाची. टेप लावून, आकडा दिसेल असा तिचा फोटो काढून ठेवा.

म्हणून माझं मत असं: नुसतं तोंड वाईट असेल तर तोच सर्व्हेअर राहू द्या, काम उरकू द्या, आणि भांडण रिपोर्टावर न्या. खोल्या बघायलाच नकार दिला, चहापाण्याचे पैसे सुचवले किंवा "क्लेम होऊ देत नाही" अशी धमकी दिली, तर मात्र बदलूनच मागा, उशीर झाला तरी चालेल.

दोन्ही वाटांना एक गोष्ट लागतेच. तो गेला त्याच दिवशी कंपनीला कोरडा मेल: "आज सकाळी 11 वाजता सर्व्हेअर आले. हॉल पाहिला. स्वयंपाकघर व मागची खोली पाहिली नाही. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. हे नुकसानही नोंदीत घ्यावे." यात अपमानाचा शब्द नको. त्याची तक्रार वेगळ्या मेलमध्ये, तो काय बोलला ते जसंच्या तसं आणि कोण हजर होतं त्यांच्या नावांसह. दोन्ही एकत्र केलं की कंपनी माफीचा मेल पाठवते आणि आकड्याचं राहूनच जातं.

रिपोर्टची प्रत मागून घ्या. घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची कपात, किती आणि कशाच्या आधारे धरला, ते ओळीओळीनं बघा. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा अखेरचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 च्या प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलंय. पण तो खोडायला समोर काहीतरी ठेवावं लागतं. भिंतीला तडे, पाया खचणं असेल तर स्वतःच्या खर्चानं इंजिनिअरचा अंदाज घेणं परवडतं. फ्रिज-टीव्हीसाठी दुकानाचं बिल आणि मेकॅनिकची चिठ्ठी पुरे.

तरीही जमलं नाही तर विमा लोकपाल की ग्राहक आयोग? लोकपाल पुण्यात. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी इतकी वर्षं झगडलेल्या गावाला "पुण्याला जावा" म्हटलं की निम्मी माणसं तिथंच हात टेकतात. पण तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाखांची. आधी कंपनीला लेखी तक्रार आणि एक महिना वाट, नंतर वर्षाच्या आत लोकपालांकडे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोग आपल्याच जिल्ह्यात, मुदत दोन वर्षं, आणि फी भरलेल्या हप्त्यावरून ठरते, घराच्या पॉलिसीच्या हप्त्याएवढ्या रकमेला ती लागत नाही. मानसिक त्रासाची भरपाई मागायची ती इथं. तारखा मात्र वाढत जातात, आणि समोर कंपनीचा वकील असला की आपल्यालाही बहुधा करावा लागतो.

भांडण आकड्याचं असेल तर मी आधी लोकपालांकडे जाईन. आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. दोन वर्षांची मुदत तेवढी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि कंपनीनं मध्येच 'पूर्ण व अंतिम' असं छापलेलं व्हाउचर सहीला पाठवलं तर सहीच्या वर "रक्कम मान्य नाही, आक्षेप राखून स्वीकारत आहे" असं लिहा, त्याचा फोटो काढा, मगच परत पाठवा.