पद्मिनी रोजच्या वापराला, तेही निफाडच्या थंडीत – पाच महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबरात मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घरातली चांगली गाडी घेऊन गेली. मागे राहिली वडिलांची प्रीमियर पद्मिनी, १९९२ चं मॉडेल, एमएच-१५, पहिल्या दिवसापासून घरातच. तोवर तिचं काम एवढंच, रविवारी सकाळी रविवार कारंज्यापर्यंत जाऊन जिलेबी आणायची. मी म्हटलं नवीन गाडीचा हप्ता सुरू करण्याआधी एक हिवाळा हीच रोज वापरून बघू, बायको म्हणाली बघा, पण सकाळी साडेसहाला मला फोन करून उठवायचं नाही.

माझं कॉलेज निफाडला, सकाळ सत्राचं. नाशिकहून संभाजीनगर रोडने ओढा, चांदोरी करत एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर. नोव्हेंबर ते मार्च मिळून आठ हजार दोनशे किलोमीटर झाले. आता निफाडची थंडी म्हणजे काय हे मुंबईकरांना सांगावं लागतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतो, पारा सहा-सात अंशांवर उतरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकतात. बर्फ नाही, काही नाही, पण हीटर नसलेल्या, दारांची रबरं तीस वर्षं जुनी असलेल्या गाडीत पहाटे सव्वासहाला बसा आणि मग बोला.

ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच, 'थंडीत चालू होते का हो?' तर सांगतो, होते. पाच महिन्यांत फक्त दोन वेळा झाली नाही आणि दोन्ही वेळा चूक बॅटरीची, म्हणजे माझीच, कारण जुनी बॅटरी अजून एक सीझन काढेल या आशेवर ठेवली होती. नवीन टाकल्यावर तक्रार संपली. पद्धत अशी, चोक (गार इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारी ओढायची कळ) पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग सेल्फ. पहिल्यांदा नुसती खोकते, दुसऱ्यांदा पकडते. पकडली की लगेच चोक आत ढकलायचा मोह आवरायचा, आणि ढकललाच नाही तर ओढ्यापर्यंत काळा धूर सोडत जाते आणि मागचा बाइकवाला शेजारी येऊन काय ते सांगून जातो. मी फाटकाचं कुलूप लावून येईपर्यंत पूर्ण ठेवतो, कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत अर्धा, मेन रोडला लागलो की बंद. हे कुठल्या पुस्तकात नाही, प्रत्येकाच्या गाडीचं वेगळं.

बाकी ज्यांची खरंच चालू होत नाही त्यांनी आधी पॉइंट बघा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (प्लगला ठिणगी मिळावी म्हणून करंट तोडणारी-जोडणारी धातूची टोकं) जळून खड्डा पडलेला असतो, उन्हाळ्यात तसंच रेटून जातं आणि थंडीत अडतं, कारण सेल्फ बॅटरीतला करंट ओढतो आणि स्पार्कला उरतं कमी. माझे चाचा (मेकॅनिक, वय सत्तरीच्या पुढे, नाशिकच्या द्वारकेजवळ गॅरेज) दर दोन हजार किलोमीटरला पॉइंट घासून फिलर गेजने गॅप लावतात, मजुरी दोनशे रुपये आणि एक चहा, तो चहा पण तेच मागवतात.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की टेंपरेचरचा काटा निफाड येईपर्यंत जागचा हलतच नाही. मला वाटलं मीटर गेला. चाचांनी वरचा होज काढला, आत बोट घातलं आणि म्हणाले, 'सर, इथं थर्मोस्टॅटच नाहीये, कोणीतरी काढून टाकलाय.' कोणीतरी म्हणजे वडिलांच्या वेळचा मेकॅनिक असणार. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. उन्हाळ्यात खपून जातं. थंडीत मात्र पाणी इंजिन गार असतानाही सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, वर पंखा बेल्टवरचा, तो अखंड चालू, मग इंजिनाला ऊब येणार कुठून. पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काजळतात, अ‍ॅव्हरेज पडतं. माझं साडेनऊवर आलं होतं. थर्मोस्टॅट मिळायला बारा दिवस लागले (मुंबईत ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडून भाच्याने आणला), तोवर काय करायचं तर आमच्या शिपायाने आयडिया दिली, द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा. निफाडात हिवाळ्यात दुसरं काही मिळो न मिळो, द्राक्षाची पेटी मिळतेच. पेटी फाडली, अर्धा रेडिएटर झाकेल एवढा तुकडा कापून ग्रिलच्या मागे खोचला. दुसऱ्या दिवशी चांदोरी यायच्या आत काटा मधे! नंतर थर्मोस्टॅट बसला तरी पुठ्ठा मी काढला नाही, छान चाललं होतं म्हणून. याचं पुढे काय झालं ते येतंच.

चालू होण्याची भीती सगळ्यांना असते पण खरा प्रश्न दिसण्याचा आहे, आणि यावर मला आधी कोणीच सावध केलं नाही. जानेवारीत सूर्य उगवतो सात-सव्वासातला, मी निघतो सव्वासहाला, म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता अंधारात, आणि चांदोरीच्या आसपास गोदावरीचं धुकं. आतून काच माझ्याच श्वासाने धुरकटते. हीटर नाही, ब्लोअर नाही. एक उपाय जुन्या लोकांना माहीत आहे, पुढची तिकोनी काच. ती बोटभर उघडून वारा आत घ्यायचा, काच स्वच्छ राहते पण उजवा कान बधिर होतो. तंबाखू चोळून पाहिली, काच राहिली तशीच आणि स्टाफरूममध्ये दिवसभर लोक माझ्याकडे संशयाने बघत होते. शेवटी मांडीवर एक पिवळं फडकं ठेवायचं आणि दर पाच मिनिटांनी पुसायचं, हेच खरं.

आणि लाइट. मला वाटायचं जुन्या गाडीचे लाइट मिणमिणतेच असतात, करणार काय. मी फिजिक्स शिकवतो, एका शनिवारी लॅबमधला मल्टिमीटर घरी आणला. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या मागे ११.१! पावणेतीन व्होल्ट मधल्या मधे, तीस वर्षं जुनी वायर, डॅशबोर्डवरचा स्विच आणि गंजलेलं अर्थिंग यांनी खाल्ले. आता हॅलोजन बल्बचा हिशोब सरळ नसतो, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा नाही, जवळजवळ तीस टक्के पडतो. माझं वीस टक्के कमी होतं म्हणजे उजेड निम्म्यावर. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक फ्यूज, जाड वायर थेट बॅटरीपासून, अर्थिंगचे बोल्ट सँडपेपरने घासले, सगळे मिळून नऊशे रुपये आणि एक दुपार. नंतर बल्बपाशी १३.३. तेच बल्ब, तेच रिफ्लेक्टर. पाच महिन्यांत या गाडीवर केलेला सगळ्यात वसूल खर्च हा. पांढरेफटक एलईडी घाला म्हणणारे खूप भेटले, पण या रिफ्लेक्टरला ते बसत नाहीत, उजेड कुठेही फेकतात आणि धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

लाइटचं एवढं का सांगतोय, तर उसाच्या ट्रॉल्या. हंगामात पहाटे रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे टेललाइट नाही की रिफ्लेक्टर नाही, एखादी तर बंद पडून रस्त्यातच उभी, मागे चार दगड लावलेले. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आजच्या गाडीसारखी जागेवर थांबत नाही. त्यामुळे दिसलं उशिरा तर संपलंच. मी धुक्यात चाळीसच्या वर जातच नाही. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं आणि यातलं बरंच इथेनॉल उसापासून होतं, म्हणजे ज्या ट्रॉलीमागे मी वीस मिनिटं रांगतो तोच ऊस वर्षभराने माझ्या टाकीत येणार. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत कार्बोरेटरवाल्या गाडीला चोक जरा जास्त वेळ लागतो, तेवढं चालतं. रबराचं मात्र चालत नाही. एकोणीस डिसेंबर, सात वाजायला दहा मिनिटं, ओढा मागे टाकलं आणि गाडीने दोन झटके दिले, मग तिसरा, मग शांत. बॉनेट उघडलं, पेट्रोलचा भपका. ऑइलची डिपस्टिक काढून वास घेतला तर तिलाही पेट्रोलचा वास, म्हणजे फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटला आणि पेट्रोल कार्बोरेटरला जायच्या ऐवजी खाली इंजिन ऑइलमध्ये. अशा वेळी सेल्फ मारत बसायचं नाही, पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन फिरवणं म्हणजे बेअरिंगची वाट.

उभा होतो तर एक ट्रॅक्टरवाला थांबला, मुंडासं, वर कानटोपी, 'काय ओ सर, पद्मिनी का? आमच्या आण्णांची व्हती.' मग त्याने आण्णांच्या गाडीची कहाणी सांगितली, ती लग्नात नवरदेव न्यायला गेली आणि घाटात बसली वगैरे, आणि सांगता सांगता दोर काढून मला रस्त्याकडेच्या ढाब्यापर्यंत ओढून पण नेलं. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला. त्या दिवशी पहिलं लेक्चर गेलं, दुपारी चाचांनी मोटरसायकलवर येऊन पंपाचं नवीन किट टाकलं, ऑइल पूर्ण बदललं. फाटलेला डायफ्रॅम हातात दिला, हरभऱ्याच्या भिजल्या सालासारखा फुगलेला. सगळे पेट्रोलचे होज पण इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाकून घेतले. ज्यांच्याकडे कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी हे आधीच करा, माझ्यासारखी ओढ्याची वाट बघू नका. तेव्हापासून एक किट डिकीत कायम, सोबत पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

चालवायला कशी आहे? पहिली पाच किलोमीटर वाईट. गिअरचं ऑइल थंडीत गुळाच्या पाकासारखं होतं, स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यात पडायला कुरकुरतो, जबरदस्ती केली तर कर्रर्र. जरा थांबून, न्यूट्रलला एक श्वास घेऊन टाकायचा. पेडलांच्या भोकातून वारा येतो, मी दोन सॉक्स घालतो. एकदा गरम झाली की मात्र १०८९ सीसीचं ते इंजिन थंड हवेत जे गोड चालतं ते उन्हाळ्यात कधी चाललं नव्हतं. साठ-पासष्टला तर शिलाई मशीन. सत्तरच्या पुढे मी जात नाही, ती जाते पण मग थांबायचं कसं हा प्रश्न मी वर लिहिलाय.

खर्च थोडक्यात. अ‍ॅव्हरेज थर्मोस्टॅटनंतर बारा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे वडिलांच्या वेळचा चौदाचा आकडा विसरा. बॅटरी, रिले, पंप, होज, पॉइंट, दोन वेळा ऑइल, एक व्हील सिलिंडर मिळून साडेसोळा हजार. नवीन गाडीचे दीड-दोन हप्ते. कागदपत्रांचं विचाराल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स वेगळा. काहीजण म्हणाले व्हिंटेज करून टाका. तर २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांची लागते, आणि तशी नोंद झाली की प्रदर्शन-रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते, रोज कॉलेजला नाही. पार्टचं म्हणाल तर अजून मिळतात, निदान इंजिनाचे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे पुढे काय होईल सांगवत नाही. काच आणि बाहेरची पट्टी आताच मिळत नाही, म्हणून पार्किंगमध्ये मी तिला कोपऱ्यातच लावतो.

तर घ्यावी का? रोज एका बाजूला पस्तीस किलोमीटर, एकच रस्ता, ओळखीचा मेकॅनिक, आणि पंधरा मिनिटं लवकर उठायची तयारी असेल तर हिवाळा निघतो, आरामात. लहान मुलं रोज सोबत असतील तर मी नाही म्हणेन, धुक्यात या ब्रेकवर नाही.

पुठ्ठ्याचं राहिलं. मार्चचा दुसरा आठवडा, दुपारी दीडला परत येत होतो, बाहेर ऊन रणरणतंय आणि काटा एकदम लाल. होळी झाली होती, थंडी संपली होती, आणि ग्रिलच्या मागे तो पुठ्ठा तसाच, त्यावरचे छापील द्राक्षांचे घड उन्हाने पांढरे पडलेले. बाभळीखाली पाऊण तास उभा राहिलो, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं नाही एवढीच काय ती अक्कल. हेड गॅस्केट वाचलं.

आता एप्रिलचा प्रश्न उलटा आहे, दुपारी पेट्रोल लाइनमध्येच उकळतं आणि गाडी सिग्नलला बंद पडते. चाचा म्हणाले पंपावर ओलं फडकं गुंडाळा. काच पुसायचं ते पिवळं फडकं मोकळंच होतं, तेच गुंडाळलंय.