बातमीतला भूगोल वर्गात आणणारी सेवा : नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’चे परीक्षण

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवून शिकवले जातात. त्यामुळे ब्राझीलमधील पूर, वणवा किंवा दुष्काळ यांची बातमी वर्तमानपत्रात आली, की ती आमच्या विषयाचीच बातमी असते. बातमीत शहराचे नाव, हानीचे आकडे आणि एखादे छायाचित्र मिळते. परंतु नदी कोणत्या दिशेने वाहते, उंच भाग कोणीकडे आहे आणि पाणी का तुंबले, हे सहसा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मी कोल्हापुरातील माध्यमिक वर्गांना शिकवताना नासाने सर्वांसाठी विनामूल्य खुल्या ठेवलेल्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या उपग्रहचित्रांच्या सेवेचा नियमित उपयोग करतो. बातमीवरून भूगोल शिकवण्यासाठी मला माहीत असलेल्या साधनांमध्ये मी हिला पहिले स्थान देईन.

ही सेवा ब्राउझरमध्ये उघडते आणि चित्रे पाहण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. पडद्यावर जगाचा नकाशा दिसतो, खालच्या बाजूला तारखेची पट्टी असते आणि डावीकडे निवडलेल्या लेअरची, म्हणजे नकाशावर चढवलेल्या माहितीच्या थरांची, यादी असते. टेरा, अॅक्वा, सुओमी एनपीपी अशा उपग्रहांनी टिपलेली अनेक चित्रे काही तासांतच उपलब्ध होतात, आणि तारीख मागे सरकवत नेली तर थेट २००० सालापर्यंतची रोजची चित्रे पाहता येतात. सकाळी वाचलेल्या बातमीचे ठिकाण दुपारच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर ठेवता येते, हे या सेवेचे पहिले बलस्थान आहे. दुसरे आणि माझ्या मते अधिक मोलाचे बलस्थान म्हणजे तुलनेची सोय. एकाच प्रदेशाच्या दोन तारखा निवडून मधली रेघ डावीउजवीकडे सरकवली, की आधीची आणि नंतरची स्थिती समोरासमोर येते.

या सोयीचा खरा कस लागला तो ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात एप्रिल-मे २०२४ मध्ये आलेल्या महापुराच्या वेळी. पोर्तो अलेग्रे शहराजवळील ग्वाइबा या नदीवजा सरोवराच्या पाण्याने १९४१ च्या पुराची नोंद मागे टाकली होती. वर्गात आम्ही एप्रिलमधील एक तारीख आणि मेच्या पहिल्या आठवड्यातील ढग विरळ असलेली एक तारीख शेजारी ठेवली. रंग बदलून दाखवणारा ७-२-१ पट्ट्यांचा (उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशाच्या तीन तरंगलांबी-पट्ट्यांचा) लेअर निवडला, की झाडोरा भडक हिरवा दिसतो, स्वच्छ पाणी जवळजवळ काळे दिसते आणि गाळ मिसळलेले पाणी निळसर दिसते. रेघ सरकवताच ग्वाइबाला मिळणाऱ्या नद्यांच्या बारीक रेषा रुंद पट्ट्यांमध्ये बदलतात आणि तिथून दक्षिणेला पसरलेल्या लागोआ दोस पातोस या किनाऱ्यालगतच्या प्रचंड सरोवराचा पूर्ण आकार डोळ्यांसमोर येतो.

तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, तिकडं पण आलमट्टीसारखं धरण आहे काय?” पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ज्या मुलांना पाढ्यांइतकी पाठ आहे, २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या घरांनी सोसला आहे, त्यांच्याकडूनच असा प्रश्न येऊ शकतो. उत्तर चित्रातच होते. कृष्णेवर खालच्या बाजूला, कर्नाटकात असलेल्या आलमट्टीसारखे धरण तिथे सरोवराच्या मुखाशी नाही. पण अनेक नद्यांचे पाणी ग्वाइबात येते, ग्वाइबातून त्या सरोवरात जाते आणि सरोवराला समुद्राकडे जाण्यासाठी दक्षिण टोकाला एक अरुंद मुख आहे. दक्षिणेकडून जोराचा वारा वाहू लागला, तर तो पाणी मागे रेटतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचे पाणी घेऊन निघालेली पंचगंगा नरसोबावाडीला पोहोचते, तेव्हा कृष्णा आधीच दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेचे पाणी मागे फुगते, हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. दोन देशांतील पुरामागचे हे साम्य विद्यार्थ्यांनी स्वतः बोलून दाखवले. पाठ्यपुस्तकातील जलप्रणालीच्या पाठाचे सार याहून चांगल्या रीतीने मला सांगता आले नसते.

मात्र तो पाऊस इतके दिवस तिथेच का पडत राहिला, हे चित्र सांगत नाही. मध्य ब्राझीलवरील उच्च दाबामुळे पाऊस आणणारी आघाडी (थंड व उष्ण हवेच्या सीमेवरचा पट्टा) दक्षिणेतच अडकून राहिली, हे शिक्षकाने फळ्यावर काढून दाखवावे लागते. वर्ल्डव्ह्यू दाखवते, समजावून देत नाही; म्हणून बातमीचे कात्रण, नकाशासंग्रह आणि फळा ही तिन्ही साधने सोबत हवीतच.

तिच्या मर्यादा ठळक आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. सर्वांत मोठी अडचण ढगांची आहे. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीवर ढगांचे दाट आवरण असते, त्यामुळे आपल्याच महापुराची चित्रे पाहू गेल्यास बहुतेक दिवस नुसता पांढरा पट्टा दिसतो. रोजच्या नैसर्गिक रंगांच्या चित्रांतील एक ठिपका सुमारे २५० मीटरचा असतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुमारे ४०० मीटर लांबीचे होते, तरी अशा चित्रांत ते जहाज म्हणून ओळखता येणार नाही. व्यापार, युद्ध, स्थलांतर यांच्या बातम्यांसाठी ही सेवा फारशी कामाची नाही. तिचे क्षेत्र प्राकृतिक भूगोलाचे आहे.

वणव्यांचे लाल ठिपके दाखवणारा लेअर वापरताना विशेष सावधगिरी बाळगावी. तो ठिपका उष्णतेची नोंद असतो. तिथे ज्वालामुखी, पोलाद कारखाना किंवा तेलविहिरीवरील जळता वायूही असू शकतो. ब्राझीलमधील पँटानल या पाणथळ प्रदेशातील वणव्यांचा नकाशा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा जाळल्याने उमटणारे ठिपके एकत्र दाखवल्यास ‘ठिपका म्हणजे काय’ यावर चांगली चर्चा होते. उसाचा पाला पेटवलेला पाहिलेली आमची मुले त्या चर्चेत सहज उतरतात.

विषुववृत्ताजवळ टेरा आणि अॅक्वा यांच्या चित्रांत भिंगाच्या आकाराचे काळे भाग दिसतात. तिथे उपग्रहाच्या लगतच्या दोन फेऱ्यांमध्ये जागा सुटलेली असते. हा दोष आहे, पण पृथ्वी गोल असल्याने ध्रुवाकडे या फेऱ्या एकमेकींवर चढतात आणि विषुववृत्तावर लांब जातात, हे सांगण्यासाठी मला तो उपयोगीच वाटतो. नववीतील ‘आंतरराष्ट्रीय वाररेषा’ या पाठासाठीही एक सोय अनायासे मिळते : नकाशा १८०° रेखावृत्ताच्या पलीकडे सरकवला, की तारीख बदललेली दिसते. फक्त ही रेषा सरळ आहे आणि खरी वाररेषा बेटांना वळसा घालून जाते, हे टोंगाचे उदाहरण देऊन सांगावे. टोंगा पश्चिम रेखांशावर असूनही तिथे वाररेषेच्या पश्चिमेकडील तारीख पाळली जाते.

सेवेची सर्व भाषा इंग्रजी आहे आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला लेअरची नावे एकट्याने उलगडणे अवघड जाते, याची मला खंत आहे. त्यावर उपाय असा, की शिक्षकाने आदल्या दिवशी प्रदेश, तारीख आणि लेअर निश्चित करून दुवा तयार ठेवावा. तो उघडला की तीच मांडणी जशीच्या तशी समोर येते. शाळेतील इंटरनेटचा भरवसा नसेल, तर कॅमेऱ्याच्या खुणेवर टिचकी मारून चित्र उतरवून घ्यावे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती तारखेची पट्टी खुशाल द्यावी. त्याखालच्या वर्गांना मात्र छापील चित्रे पुरेशी आहेत, आणि भित्तिपत्रकावर त्या चित्रांशेजारी बातमीचे कात्रण व मुलांनी हाताने काढलेला नदीचा नकाशा लावता येतो.