तिसऱ्या मात्रेसाठी तापीकाठच्या आरोग्य केंद्रात

केंद्र सरकारने 15 जुलै 2022 पासून 75 दिवस, 18 वर्षांवरील सर्वांना कोरोना लशीची खबरदारीची मात्रा, म्हणजे तिसरी मात्रा, सरकारी केंद्रांवर मोफत देण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी माझ्या 67 वर्षांच्या आईला घेऊन जळगाव जिल्ह्यातील, तापीकाठच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. घाई आईचीच होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, ही आमच्या खान्देशातली देवी, बसणार, पुण्याहून आणि सुरतेहून सगळे भाऊबंद येणार, रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, स्वयंपाक आईच्या हाताखाली होणार आणि नेमके त्याच दिवसांत वर्तमानपत्रात ओमायक्रॉनच्या बीए.5 आणि बीए.2.75 या नव्या उपप्रकारांच्या बातम्या येत होत्या. इतक्या माणसांत वावरायचे तर आधी सुई टोचून घ्यावी, असे तिने ठरवले. घरातल्या तरुणांचे मत उलट होते. दोन मात्रा घेऊनही जानेवारीत तिला कोरोना झालाच होता, मग तिसरीचा उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न होता. या केंद्राने सुई कशी टोचली यापेक्षा या प्रश्नाला कसे उत्तर दिले, हे मला सविस्तर लिहावेसे वाटते.

पहिली फेरी वाया गेली. आशाताईंनी कोविशील्ड उपलब्ध असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी केंद्रात फक्त कोव्हॅक्सिन होती. आईच्या पहिल्या दोन्ही मात्रा कोविशील्डच्या, आणि तिसरी मात्रा त्याच लशीची देण्याचा तेव्हा नियम होता, त्यामुळे आम्हाला परत फिरावे लागले. गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईला रिक्षाने 11 किलोमीटर आणून परत नेणे ही लहान गोष्ट नाही. कोणत्या दिवशी कोणती लस आहे हे सकाळी दारावरच्या फळ्यावर लिहिणे आणि तोच मजकूर गावोगावच्या आशाताईंना कळवणे एवढे केले असते, तरी हे हेलपाटे वाचले असते.

दुसऱ्या वेळी लस होती, पण आम्ही पोहोचलो तेव्हा माणसे चारच होती. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. म्हणून सिस्टर दहा माणसे जमण्याची वाट पाहत होत्या. लस वाया जाऊ नये ही त्यांची तळमळ मला पटते, परंतु वाट पाहण्याचा सगळा भार म्हाताऱ्या माणसांवर पडतो. आम्ही पावणेदोन तास बसलो. ओट्यावर सावली होती, पिण्याचे पाणी होते, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह उघडे आणि स्वच्छ होते, हे नमूद केले पाहिजे, कारण सगळीकडे असे नसते. नोंदणीत मात्र आणखी वेळ गेला. 2021 च्या एप्रिलमध्ये आईची नोंदणी माझ्या सुरतच्या भाच्याने स्वतःच्या मोबाईलवरून केली होती, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे गेला आणि तो कामावरून फोन उचलेपर्यंत संगणकावर बसलेला मुलगा शांतपणे थांबला. त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

या पावणेदोन तासांतच खरी गोष्ट घडली. आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सिस्टरांना अहिराणीत सरळ विचारले, ‘दोन सुया टोची लिध्यात, आते तिसरी कसाले?’ म्हणजे दोन सुया टोचून घेतल्या, आता तिसरी कशाला? सिस्टरांनी उत्तर टाळले नाही, पण अर्धवट सांगण्याऐवजी त्यांनी आत निरोप पाठवला आणि बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ओसरल्यावर वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉक्टर मॅडम स्वतः ओट्यावर येऊन बसल्या. त्या शेतकरी नानांनी आपला मुद्दा कपाशीवरून मांडला. बीटीचे, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार होणारे, बियाणे आले तेव्हा आता बोंडअळीची चिंता नाही असे सगळे सांगत होते. काही वर्षे ते खरेही ठरले. आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने त्याच बीटीची बोंडे आतून पोखरली. विषाणूही तसाच लशीला सरावला असेल, तर त्याच लशीची तिसरी सुई म्हणजे त्याच बियाण्याची आणखी एक पिशवी नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे होते. खान्देशात याहून नेमका प्रश्न कोणी विचारू शकेल असे मला वाटत नाही.

डॉक्टर मॅडमनी हा दाखला उडवून लावला नाही. त्या म्हणाल्या, ‘नाना, तुमचे अर्धे बरोबर आहे.’ मग त्यांनी समजावले ते मला जसे समजले तसे लिहितो. लस शरीराला विषाणूच्या अंगावरचा काट्यासारखा भाग ओळखायला शिकवते. रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे त्या काट्याच्या आकाराला चिकटतात. ओमायक्रॉनच्या काट्यात तीसहून अधिक बदल झाले, त्यामुळे जुनी प्रतिपिंडे त्याला पूर्वीसारखी घट्ट धरू शकत नाहीत, शिवाय महिने जातील तशी त्यांची पातळीही घटते, आणि म्हणूनच लस घेतलेल्या माणसालाही संसर्ग होतो. इथपर्यंत नानांचा दाखला लागू पडतो. परंतु बीटी कपाशीकडे अळीला मारणारी एक-दोन विषेच असतात, ती निष्प्रभ झाली की झाडाकडे दुसरे काही उरत नाही. शरीराचे तसे नसते. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच काट्याचे अनेक लहान लहान तुकडे ओळखून ठेवतात आणि त्यांतले बहुतेक तुकडे नव्या प्रकारातही जसेच्या तसे असतात. त्यामुळे विषाणू नाकातोंडातून आत शिरला तरी फुप्फुसांपर्यंतचा आजार बहुतेकांमध्ये अडवला जातो. तिसरी मात्रा घटलेली प्रतिपिंडे पुन्हा वाढवते. ती वाढ काही महिन्यांनी ओसरते, हेही त्यांनी सांगितले. ‘ही मात्रा घेतली की तुम्हाला कोरोना होणारच नाही, असे मी म्हणणार नाही. दवाखान्यात दाखल होण्याची पाळी येण्याची शक्यता कमी होईल, एवढे म्हणते,’ हे त्यांचे वाक्य मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतले.

लशीमुळेच नवे प्रकार जन्माला येतात का, असेही एका तरुणाने विचारले. या शंकेला तारखाच उत्तर देतात. आपल्याकडे लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. ब्रिटनमधला अल्फा हा प्रकार सप्टेंबर 2020 मधील नमुन्यांत आणि भारतातला डेल्टा हा प्रकार ऑक्टोबर 2020 मधील नमुन्यांत सापडलेला आहे, म्हणजे दोन्ही लसीकरणाच्या आधीचे आहेत. विषाणू पसरताना स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. जितका पसरेल तितक्या चुका अधिक.

आता ज्याबद्दल माझी तक्रार आहे तो भाग. त्याच ओट्याच्या भिंतीवर, लस घेतली की कोरोना होणार नाही असा अर्थ निघणारा मोठा फलक लावलेला होता. डॉक्टर मॅडम खाली बसून जे काळजीपूर्वक सांगत होत्या, त्याच्या नेमके उलट तो फलक वर सांगत होता. गावात लशीवरचा विश्वास अफवांनी जेवढा घटवला, तेवढाच अशा फलकांनीही घटवला असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला संपूर्ण संरक्षणाचे आश्वासन दिले जाते आणि दोन मात्रांनंतर ताप येतो, तो माणूस आपल्याला फसवले असे समजतो आणि पुढचे काहीच ऐकून घेत नाही. माझ्या घरातली मुले याच कारणाने अडून बसली होती. तो फलक काढून टाकावा, अशी लेखी विनंती मी केंद्रात दिली.

टक्केवारीचाही असाच घोळ होतो, आणि तो मी स्वतःही बराच काळ करत होतो. जुलै 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, ज्या लशीला आपण कोविशील्ड म्हणतो तिच्या एका मात्रेने डेल्टाच्या लक्षणे असलेल्या आजारापासून सुमारे 30 टक्के आणि दोन मात्रांनी सुमारे 67 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. याचा अर्थ लस घेतलेल्या शंभरांपैकी 33 जण आजारी पडतात असा नाही. लस न घेतलेल्या एखाद्या गटात ठरावीक काळात शंभर जण आजारी पडले, तर तेवढ्याच मोठ्या लस घेतलेल्या गटात साधारण 33 जण पडतील, असा त्याचा अर्थ आहे. ओमायक्रॉन आल्यावर याच लशीच्या दोन मात्रांचे लक्षणे असलेल्या आजारापासूनचे संरक्षण पाच महिन्यांनंतर जवळजवळ उरत नाही असे ब्रिटनमध्येच आढळले, तर गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्या मानाने चांगले टिकले. आईचा जानेवारीतला आजार तीन दिवसांच्या तापावर, घरच्या घरी निभावला, याला मी याच चौकटीत पाहतो. अर्थात एका माणसाच्या अनुभवावरून लस सिद्ध होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

हेच मला आमच्या थोरल्या आबांच्या बाबतीत कोणी वेळेवर सांगायला हवे होते. 2021 च्या एप्रिलमध्ये पहिली मात्रा घेतल्यावर बाराव्या दिवशी ते कोरोनाने गेले आणि भाऊबंदांत अनेकांनी दोष सुईला दिला. शरीराला संरक्षण उभे करायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी संसर्ग झाला तर पहिली मात्रा फारशी मदत करू शकत नाही, हे डॉक्टर मॅडमनी आईला तिच्या शेजारी बसून सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने दंड पुढे केला.

जून 2021 ची आठवणही त्या ओट्यावर निघाली. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी डेल्टा प्लस या डेल्टाच्या उपप्रकाराचे राज्यात 21 रुग्ण आढळल्याचे सांगितले, त्यांत रत्नागिरीचे नऊ आणि आपल्या जळगावचे सात होते, आणि त्या एका आकड्याने जिल्हा हादरला होता. आईची दुसरी मात्रा तेव्हा जवळ आली होती आणि जो तो म्हणत होता की डेल्टा प्लसवर लस चालत नाही. पुढे तिसरी लाट आली ती डेल्टा प्लसची नव्हे, ओमायक्रॉनची.

सुई टोचल्यावर अर्धा तास बसवून घेतले. सुईची जागा दुखेल, एखादा दिवस ताप येईल, पॅरासिटामॉल चालेल, हे सिस्टरांनी सांगितले. रक्ताच्या गुठळ्यांबद्दल मी विचारले, तेव्हा तो धोका खरा आहे पण फार दुर्मीळ आहे, आणि पुढच्या काही आठवड्यांत धाप, छातीत दुखणे, पायाला सूज किंवा न थांबणारी डोकेदुखी झाली तर थेट दाखवायला या, असे स्वच्छ उत्तर मिळाले. परंतु ते विचारल्यावर मिळाले. ही चार लक्षणे मराठीत छापलेली एक चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्यायला हवी होती. ओट्यावर ऐकलेले घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरले जाते. आईचा दंड दोन दिवस दुखला, ताप आला नाही.

लशीच्या उपलब्धतेबाबत आणि वाट पाहण्याबाबत मी या केंद्राला पाचपैकी तीनच गुण देईन. वागणुकीला आणि प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना पूर्ण पाच. त्या मोहिमेत जाणाऱ्यांना मी सांगत असे की आधी फोन करून कोणती लस आहे ते विचारा, पहिल्या मात्रेच्या वेळी ज्या मोबाईलवर नोंदणी झाली तो माणूस फोनवर सापडेल याची खात्री करा, आणि शक्य असेल तर गल्लीतली आठ-दहा माणसे मिळून एकाच गाडीने जा, म्हणजे कुपी लगेच उघडली जाईल. मंगळवारी बाजाराचा दिवस असल्याने गर्दी लवकर जमत असे. डॉक्टर मॅडमना सकाळची रुग्णतपासणी संपल्यावर, बारानंतर निवांत वेळ असे. मनात शंका असेल तर ती तेव्हाच विचारा, असेही मी सांगे. आमच्या घरातल्या दोघा भावांनी पुढच्या मंगळवारी जायचे ठरवले, आणि त्यांचे प्रश्न आईने कागदावर लिहून ठेवले.