शंकांची वही आणि एक तापलेलं चाक: नव्या पेट्रोल गाडीचे सात महिने

गाडी घरी आली त्याच दिवशी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही टाकली होती, ॲव्हरेज लिहायला म्हणून. आता चाळून बघते तर पहिल्या दोन महिन्यांत आकड्यांपेक्षा प्रश्नचिन्हंच जास्त. ‘सकाळी इंजिन एवढं का ओरडतं?’ ‘बॉनेटखाली टिकटिक.’ ‘सायलेन्सरमधून पाणी!!’ सात महिने झाले, ९,४०० किलोमीटर झाले. यातल्या बहुतेक शंका पोकळ निघाल्या. जी खरी होती, ती मात्र मी वहीत लिहिलीच नव्हती.

गाडी एक लिटरची. तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, सहा गिअरची मॅन्युअल. मॉडेलचं नाव मुद्दाम टाळतेय. नाव आलं की बोलणं ब्रँडवर जातं, आणि मला बोलायचंय ते अशा बनावटीच्या कुठल्याही गाडीबद्दल.

पहिल्या सकाळी बटण दाबलं आणि इंजिन थेट तेराशे आरपीएमवर (मिनिटाला तेराशे फेरे) जाऊन घुमायला लागलं. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, “चोक ओढून ठेवलायस का गं?” त्यांचं निम्मं आयुष्य कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर गेलंय. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची खुंटी, आता नाही, पण काम साधारण तसंच चालू असतं आणि त्यात एक नवी भर पडलीय. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे जास्त उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, आणि आरपीएमही चढे ठेवतो. मिनिटभरात काटा आठशेवर येतो आणि गाडी शांत होते. उभ्या उभ्या पाच मिनिटं गरम करायची बाबांची सवय मी उचलली नाही. स्टार्ट करायची, पट्टा लावायचा, निघायचं, आणि इंजिन तापेपर्यंत अडीच हजारांच्या वर न्यायचं नाही. इंजिन चालता चालता लवकर तापतं.

टिकटिक इंजेक्टरची आणि हाय-प्रेशर पंपाची. जुन्या पद्धतीत पेट्रोल तीन-चार बारच्या दाबाने इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेत, फवारलं जायचं, इथे ते दोनशे बारच्याही वर चेपून थेट सिलिंडरमध्ये सोडतात. आवाज येणारच. पाण्याची गोष्ट तर गंमतशीर आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाइप गरम असेल तेव्हा ते वाफ होऊन निघून जातं, थंड असेल तेव्हा थेंब थेंब दिसतं. मी त्या थेंबांचा फोटो काढून दोघांना पाठवला होता. आता लाज वाटते.

तीन सिलिंडरची थरथर मात्र खरी आहे, ती कुणी नाकारू नये. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर १८० अंशांना एक स्फोट होतो, इथे दर २४० अंशांना. आठशे आरपीएमवर म्हणजे सेकंदाला वीस धक्के, चार सिलिंडर असते तर सव्वीस-सत्तावीस झाले असते. धक्के विरळ असले की ते हाताला जाणवतात. सिग्नलला एसी चालू असताना आरसा किंचित थरथरतो. बाराशेच्या वर गेलं की सगळं विरून जातं. आधी चार सिलिंडरची गाडी चालवली असेल त्यांनी टेस्ट ड्राइव्हमध्ये मुद्दाम पाच मिनिटं उभ्या गाडीत एसी लावून बसावं. मी ते केलं नव्हतं.

रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याबद्दल, प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं हळूच चालव, कुणी म्हणतं पहिल्यापासून ताण. माहितीपुस्तकात दोन ओळी होत्या, त्याच पाळल्या. पहिले हजार किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नाही, एकाच वेगात तासन्‌तास नाही, आणि वरच्या गिअरात, कमी आरपीएमवर इंजिन दाबून चालवायचं नाही. सिलिंडरच्या भिंतीवर बारीक आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून बसायला वेगवेगळा भार लागतो. फार जपून चालवलं तर रिंगा नीट बसत नाहीत, हे मला आधी उलटं वाटलं होतं.

‘दाबून चालवायचं नाही’ हे छोट्या टर्बोत नंतरही लागू आहे, आणि इथे मी चुकत होते. ॲव्हरेजच्या हव्यासापोटी चाळीसच्या वेगाला पाचवा टाकायचा आणि चढ आला की तिथेच पाय दाबायचा. गाडी ओढते, कारण टर्बो अठराशेच्या आसपास जागा होतो. पण कमी आरपीएम आणि जास्त भार असला की सिलिंडरमध्ये ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. तो धक्का साध्या नॉकपेक्षा (पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या ठकठकीपेक्षा) कितीतरी जोरात बसतो आणि पिस्टनला तडाही जाऊ शकतो. याच त्रासासाठी ऑइलची प्रमाणकं बदलावी लागली. २०२० पासूनचं ‘एपीआय एसपी’ हे मानक त्याची चाचणी घेतं. म्हणून ऑइलच्या डब्यावर फक्त ०डब्ल्यू-२० हा दाटपणाचा आकडा बघून थांबू नका, खालचं ‘एसपी’ही बघा. बाकी उपाय फुकटचा आहे: पाय दाबायच्या आधी एक गिअर खाली.

ऑइलची एक नोंद मला अजून पूर्ण पटलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझा रोजचा फेरा फक्त चार किलोमीटरचा होता. एका रविवारी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर पातळी वरच्या खुणेच्या किंचित वर. ऑइल कमी होतं ते कळतं, वाढतं कसं? बोटाला लावून वास घेतला, पेट्रोलचा. थंड इंजिनात जास्त पेट्रोल लागतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून पुन्हा इनटेकमध्ये जळायला जातं, पण चार किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. त्यानंतर दर आठवड्याला एकदा तासभराचा फेरा मारते. पातळी खाली आली. पुस्तकात ‘खडतर वापर’ या सदरात छोटे फेरे आहेत आणि त्यासाठी ऑइल बदलायचं अंतर कमी सांगितलंय. ते सदर मी वाचलंच नव्हतं. मला वाटलं, खडतर म्हणजे वाळवंट वगैरे.

आता ॲव्हरेज. मीटर १७.४ दाखवत होता तेव्हा माझा हिशेब १६.३ येत होता. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरायची, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत, मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. तीस लिटरमध्ये दोन लिटर इकडेतिकडे झालं तरी सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. चार-पाच टाक्यांची सरासरी काढा. कटऑफनंतर गळ्यापर्यंत भरू नका, टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं तर तो निकामी होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर थोडी घट धरूनच चाला, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. दहा टक्के मिश्रणात त्याचे साधारण तीन टक्के होतात. वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल दोन टाक्या घालून बघितलं, वहीत काहीच हललं नाही. इंजिन ज्यासाठी बांधलंय त्याच्या वरचा ऑक्टेन म्हणजे जास्त शक्ती नव्हे, नॉक न होण्याची जास्त सहनशक्ती. ती वापरायला इंजिनच तसं लागतं.

बाबांशी माझा कायमचा वाद न्यूट्रलवरून. उतार आला की ते न्यूट्रल टाकतात. “पेट्रोल वाचतं.” कार्ब्युरेटरच्या काळात वाचत असेल. आताच्या इंजिनात गिअर असताना पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातंच, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं. ते म्हणाले, “स्क्रीन तुझी, उतार माझा.”

आणि शेवटी खोड सापडली ती त्यांच्या उतारामुळेच.

सहाव्या महिन्यात ॲव्हरेज उतरायला लागलं. १६.१, १५.२, मग १४.४. मी छोट्या फेऱ्यांना दोष दिला, एसीला दिला, टायर बघितले. (टायरची वेगळी कथा आहे: गाडी मिळाली तेव्हा चारही टायरमध्ये ४४ पीएसआय होते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३. वाहतुकीसाठी जास्त हवा भरतात आणि ताब्यात देताना कमी करायची असते, ती कुणी केलीच नव्हती. पंधरा दिवस मी सस्पेन्शनला शिव्या घालत होते.) या वेळी हवा बरोबर होती. मागच्या डाव्या रिमवर काळी भुकटी जरा जास्त साचायची, ती मी दर आठवड्याला इमाने-इतबारे पुसत होते. गाडी लावल्यावर हलका जळका वास यायचा, त्याला मी नव्या गाडीचा वास म्हणत होते. वहीत दोन्हींपैकी एकही नाही.

एक दिवस बाबा चालवत होते. नेहमीचा उतार, नेहमीचं न्यूट्रल. खाली आल्यावर ते थांबले, मागे वळून बघितलं आणि म्हणाले, “गाडी मोकळी सुटत नाहीये. इतके दिवस त्या खांबापर्यंत जायची.” खांब चांगला तीस पावलं पुढे होता.

घरी आल्यावर त्यांनी चारही चाकांजवळ हाताचा पालथा पंजा नेला. लावला नाही, नुसता नेला. पुढची दोन कोमट. मागचं उजवं गार. मागच्या डाव्यापाशी हात गेला आणि लगेच मागे आला. ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकं करतात, म्हणजे मागचं चाक पुढच्यापेक्षा गरम असायलाच नको. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून लेझरवालं थर्मामीटर आणलं, वीस मिनिटं ब्रेक अगदी जपून वापरत फिरून आले आणि डिस्कवर धरलं. मागची उजवी ३८ अंश, डावी ९४.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्यांदा ठरलेलं उत्तर मिळालं, “मॅडम, नवीन गाडी आहे, पॅड बसतायत.” सहा महिने बसतायत? मी थर्मामीटरचे फोटो पुढे केले आणि गाडी जॅकवर घ्यायला लावली. मेकॅनिकने हँडब्रेक सोडून उजवं चाक हाताने फिरवलं, ते तीन फेरे गेलं. डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक कोरडी होती, ग्रीसचा थेंब नाही. ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकायचाच नाही आणि एक पॅड सतत घासत राहायचा. पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा बाहेरचा जवळपास नवा आणि आतला निम्म्याहून कमी. तासाभराचं काम. पिना साफ करून ग्रीस लावलं, मागचे पॅड बदलले, वॉरंटीत झालं. पुढची टाकी १५.९.

बाकी थोडक्यात. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारा) मनाला येईल तेव्हा चालतो असं वाटायचं. बॅटरी पुरेशी चार्ज नसेल, इंजिन थंड असेल किंवा केबिन अजून गार व्हायची असेल तर तो इंजिन बंद करत नाही. वेग दाखवणारा काटा १०० म्हणतो तेव्हा जीपीएस ९६. ही चूक मुद्दाम ठेवलेली आहे, संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. एसीचा पंखा स्क्रीनमध्ये तीन टिचक्यांवर ठेवणाऱ्याला मात्र मी माफ करणार नाही. सीट उत्तम, तीन तासांनी पाठ दुखत नाही. हायवेवरून आल्यावर अर्धा मिनिट इंजिन तसंच चालू ठेवते, टर्बोसाठी. गाडी बंद केल्यावरही कधी कधी बॉनेटखालचा पंखा फिरत राहतो, ते ठीक आहे.

दोन शंका वहीत अजून उघड्या आहेत. एक इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीची. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्ह धूत नाही, त्यामुळे काजळी साचते, पण ती माझ्या वापरात कधी जाणवायला लागेल हे मला तिथे पोहोचल्यावरच कळेल. दुसरी, ऑइल वर्षातून एकदा बदलायचं की अर्ध्या अंतरावर. त्या डिपस्टिकनंतर मी अर्ध्या अंतराच्या बाजूला आहे. दहा हजार व्हायला सहाशे उरलेत, तेव्हा बदलून घेईन, आणि पिना पुन्हा बघायला सांगेन. बाबा सोबत येणार आहेत. उतार वाटेतच लागतो.