पट्ट्याची किंचाळी, पेट्रोलचा वास आणि न झालेल्या कामांचे बिल

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी किरकोळ मालवाहतुकीसाठी ती आजही गावोगावी वापरात आहे. अशा जुन्या गाड्यांच्या मालकांनी सावध राहावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आमची २०११ सालची ओम्नी सकाळी सुरू करताना कर्कश किंचाळू लागली आणि त्याच सुमारास गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. सांगलीतील एका गॅरेजवाल्याने इंजिनही न पाहता सांगितले की टायमिंग बेल्ट (इंजिनातील झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) आणि अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारे यंत्र) गेला आहे, शिवाय पेट्रोलची टाकी सडली असल्याने ती उतरवून झाळ मारावी लागेल. त्याने साडेनऊ हजार रुपये घेतले, साध्या कागदावर आकडे लिहून दिले, आणि बदललेले जुने भाग मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर दिले.

थोड्याच दिवसांत दोन्ही तक्रारी परत आल्या. दुसऱ्या मेकॅनिकने जे दाखवले त्याने आम्ही संतापलो. टायमिंग बेल्टच्या झाकणाचे बोल्ट आणि टाकीचे नट जुन्या चिखलासकट गंजून बसले होते. त्यांना पान्याचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. अल्टरनेटर जुनाच होता, फक्त पुसून चकचकीत केलेला. इंजिनाबाहेरच्या, अल्टरनेटर फिरवणाऱ्या फॅन बेल्टवर आवाज दाबणारा चिकट फवारा मारलेला होता, आणि पेट्रोलच्या गळणाऱ्या रबरी नळीच्या जोडावर एम-सील लिंपलेले होते. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळत आहे हे ठाऊक असूनही त्यावर लिंपण करून गाडी मालकाच्या हाती देणे, याला मी केवळ पैशांची लुबाडणूक मानत नाही. हा माणसांच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

वास्तविक या दोषांचे निदान अवघड नाही. टायमिंग बेल्ट दातेरी असल्यामुळे तो घसरून किंचाळत नाही. थंड इंजिन सुरू करताना किंवा दिवे लावून अल्टरनेटरवर भार आल्यावर वाढणारी किंचाळी बहुधा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या फॅन बेल्टची असते. चालू इंजिनाच्या बेल्टवर हात दूर ठेवून थोडे पाणी फवारावे: आवाज वाढला तर ताण कमी आहे, आणि क्षणभर थांबून परत आला तर पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाके) एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक. घरघर येत असेल तर इंजिन बंद करून, बेल्ट काढून, अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर त्या भागाचे बेअरिंग संशयास्पद समजावे.

गळती शोधताना ज्योत किंवा ठिणगी जवळ येऊ देऊ नये. आमच्यासारख्या इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत चावी नुसती ऑन केली की टाकीतला पंप काही क्षण दाब निर्माण करतो. तेवढ्यात दुसऱ्याने टॉर्चच्या उजेडात नळ्या, फिल्टर आणि क्लिपा पाहिल्या तर ओल दिसते. रबर वयाने कडक होऊन भेगाळते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले आहे. आमच्या गाडीला एक नवी इंधन नळी, दोन क्लिपा आणि एक फॅन बेल्ट एवढेच लागले, आणि त्या बिलाच्या पाचव्या हिश्शातच ते काम झाले.

काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे, जुने भाग परत हवेत हे आधीच बजावावे आणि गाडी ताब्यात घेताना खोललेले बोल्ट पाहावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. गंजलेल्या नटांची छायाचित्रे, तो हिशेबाचा कागद आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय जोडून आम्ही तेथेच तक्रार दाखल केली आहे.